डब्याचे नवे बोल्ट

माझ्या बायकोचे मोठे भाऊ गोंदियात ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला जवाईबापू. वहिनी गेल्यापासून ते एकटेच राहत आणि रविवारी जेवायला आमच्याकडे कामठ्याला येत. आमची धानाची शेती आणि खत-बियाण्यांचं दुकान. धान घरात आलं की वर्षातले दोन-तीन आठवडे काय ते मोकळे मिळत.

त्या दिवसांत गाडी घेऊन फिरायची कल्पना दादांचीच. एकदा आम्ही तिघं चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर डबा खात बसलो होतो. दादा म्हणाले, "आयुष्यभर लोकायच्या गाड्या चालू करून देल्या. आपण कुठी गेलो? एक जुनी फोर बाय फोर पाहू, चारही चाकायले जोर असणारी. केशोरीकडून जंगलाजंगलानं थेट बस्तर."

बायको हसली. पण माझ्या मनात ते घर करून बसलं. दुसऱ्याच दिवसापासून मी मोबाईलवर जुन्या गाड्या पाहू लागलो.

चार-पाच महिने आम्ही हिंडलो. गाडी कशी पाहायची ते दादांनी मला शिकवलं. आधी बोनेटला हात लावायचा. इंजिन आधीच गरम असेल तर विकणारा काहीतरी लपवतो आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहायचा. टोकाशी गाळ दिसला तर गाडी पुरात उभी होती. मग खाली झोपून चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग आहे का ते बघायचं. रंग, टायर, गादी सगळ्यात शेवटी.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक अर्जुनीच्या एका म्हाताऱ्या लाकूड ठेकेदाराची. हिरवा रंग उडालेला, एक दरवाजा चेपलेला, आत बिड्यांचा वास. दादांनी ती शेताच्या चिखलात नेली, मधोमध थांबवली आणि मुंगीच्या चालीनं बाहेर काढली. उतरले तेव्हा चेहरा उजळला होता. "हेच," म्हणाले.

दुसरी गोंदियातल्या एका गाडीविक्याकडची. पांढरी, चकचकीत, आतल्या गाद्या नव्या. खरं सांगायचं तर ती पाहिल्यावर हिरवी माझ्या मनातून उतरली. पाहुण्यांच्या दारात मला ती पांढरी उभी दिसायला लागली होती.

दादा तिच्याखाली झोपले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा पाठीला धूळ तशीच.

"पुढच्या चाकायले जोर देणाऱ्या डब्याचे बोल्ट नवे हायेत, जवाईबापू. कोणीतरी तो डबा खोलला. काऊन खोलला?"

"सर्विसिंग हुई है भैया," विकणारा म्हणाला. "गाडी मक्खन है."

"मंग चिखलात नेऊन पाहू."

"धुली हुई गाड़ी कीचड़ में? बालाघाट से पार्टी निकल चुकी है. आपको लेना है तो बोलो."

दादा माझ्याकडे पाहत राहिले. मला त्या क्षणी लाज वाटत होती, त्यांच्या मळक्या सदऱ्याची आणि त्यांच्या हट्टाची. मी म्हणालो, "दादा, तुम्ही जन्मभर ट्रॅक्टर खोलले. या गाड्यांचं तुम्हाला काय समजते?"

विकणारा हसला. तो हसला नसता तर कदाचित मी तिथंच शब्द मागे घेतला असता. दादांनी खिशातलं फडकं काढून बोटं पुसली. "बरोबर हाये," एवढंच म्हणाले आणि आपल्या मोटारसायकलवर बसून निघून गेले.

पांढरी मी त्याच दिवशी घेतली. घरी बायकोनं विचारलं, "तुम्ही दादाले असं काऊन बोलले?" दादांनी तिला काही सांगितलं नव्हतं, बोलण्याच्या ओघात मीच सांगून गेलो होतो. मी गाडीचं कौतुक करू लागलो.

बस्तरला निघायच्या दिवशी दादा आले नाहीत. गॅरेजात काम आहे म्हणाले. आम्ही दोघंच गेलो. केशोरीच्या पुढे एका कच्च्या वाटेवर नाला होता, पाणी घोट्याएवढं, पण तळ नुसता गाळाचा. मी फोर बाय फोरचा लिव्हर ओढला, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला आणि मी ऐटीत गाडी आत घातली. मधोमध ती बसली. मागची चाकं गाळ उडवत खाली खाली जात राहिली. बायको उतरून पुढे जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "अहो, पुढचे चाक फिरूनच नाही राहिले!"

शेजारच्या शेतातल्या एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आणून आम्हाला ओढून काढलं. ओढताना पुढचा बंपर निघाला आणि खालून तेल गळू लागलं. मी त्या माणसाशी बोलत होतो तेवढ्यात बायकोनं मला न विचारता भावाला फोन केला होता.

दुपार कलताना दादा आले. अर्जुनीपर्यंत बसनं, तिथून कोणाच्या तरी मोटारसायकलवर, मांडीवर हत्यारांची पिशवी. ते गाडीखाली गेले. मी वाट पाहत होतो की आता मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. बाहेर येऊन म्हणाले, "डब्यात पुढचे चाक फिरवणारी साखळीच नसंल. तुटली असंल, काढून टाकली. लिव्हर ओढला का दिवा तं लागतेच." मग गळती बांधली आणि स्वतः गाडी चालवत आम्हाला घरी आणलं. एवढ्या वाटेत माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, "चहा घ्यायचा का?"

हिरवी गाडी तोवर विकली गेली होती. पांढरी मी मिळेल त्या भावात काढली. दादा रविवारी यायचे, पण जेवून लगेच उठायचे. गाड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दोन वर्षांनी त्यांची कंबर गेली, गॅरेज बंद झालं.

यंदा मी दुसरी गाडी घेतली, चिखलातून चालवून, पट्टा ओढून, खाली झोपून. ती घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "दादा, आता तिघं जाऊ."

"माहं बसणं होत नाही आता, जवाईबापू. तुम्ही दोघं जा." मग खुर्ची अंगणात मांडायला लावली. "मले वाकता येत नाही. तुम्ही पाहा अन् मले सांगा."

मी गाडीखाली शिरलो. ते विचारत होते, मी सांगत होतो. बोल्ट गंजलेले, जुनेच. चेसी सरळ. रबर शाबूत. तिथून मला त्यांच्या चपला आणि काठीचं टोक दिसत होतं. तोंड दिसत नव्हतं, म्हणून धीर आला. म्हणालो, "दादा, मी त्या दिवशी चुकलो."

रस्त्यावरून ट्रक जात होता. "काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तेल गळत नाही, म्हटलं."

"बरं हाये," ते म्हणाले.

परतताना बायकोनं विचारलं, "बोललात?" मी मान हलवली, आणि तिला ती होकाराची वाटली. पुढच्या आठवड्यात आम्ही बस्तरकडे निघालो. गाडीनं कुठेही दगा दिला नाही. मागच्या सीटवर आम्ही पिशव्या ठेवल्या होत्या.