ओरोपोस कुणाचं

तेव्हा आम्ही जपानात, एदोगावात राहत होतो. हे हॉटेलात स्वयंपाकी होते आणि लेक तिथल्या जपानी शाळेत पाचवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने आवडीचा विषय घेऊन काहीतरी करून न्यायचं, अशी तिथली पद्धत. तिने ग्रीस देशातलं ओरोपोस नावाचं जुनं गाव घेतलं आणि त्याचा उठावाचा नकाशा करायला मला बसवलं.

माहेरी टोपल्या लिंपायचो तसा मी कागदाचा लगदा केला, त्यात मेथी वाटून घातली.

"ई, वास येतो! वर्गात सगळे नाक धरतील."

"वाळला की जातो गं."

ती सांगत गेली, मी थापत गेले. दक्षिणेला अथेन्स, पश्चिमेला थीब्ज, मधे नदीकाठची चांगली जमीन, पुढे समुद्र. समोरच्या बेटावरचं धान्य इथे उतरून अथेन्सला जायचं. म्हणून गाव दोघांनाही हवं. कधी याचं, कधी त्याचं. एकदा थीब्जवाल्यांनी अख्खं गाव समुद्रापासून उठवून आत नेऊन बसवलं.

माझं माहेर निपाणीकडचं, सीमाभागातलं. गाव महाराष्ट्रात यावं म्हणून वडील तुरुंगात जाऊन आलेले. मी सहज विचारलं, "त्या माणसांना कुठं राहायचं होतं?"

"ते पुस्तकात नाही." मग ती जपानीत काही पुटपुटली.

"मराठीत सांग."

"मला तरी कुणी विचारलं?"

माझे हात थांबले. मार्चमध्ये वर्ष संपलं की तिला आजोळी ठेवायचं, मराठी शाळेत घालायचं, असं यांनी आणि वडिलांनी ठरवलं होतं. मला ती लांब जायला नको होती. पण चौथी शिकलेल्या बाईने शाळेबद्दल काय बोलायचं, म्हणून मी गप्प होते.

दुपारी हे जेवायला आले. मी म्हटलं, "अहो, तिला विचारा, जायचंय का."

"तिला काय कळतंय?"

"विचारा तर."

"आज काय झालंय तुला?"

मी ताट वाढलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं. ती नकाशावरून मान वर न करता म्हणाली, "आई येणार असेल तर."

"आई इथंच राहणार आहे," मी म्हणाले. "आणि तूही."

यांनी स्वतःच ताट वाढून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना तूच सांग."

रविवारी मी फोन केला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगी मराठी बोलते ना?"

"बोलते," मी म्हटलं. आणखी काही विचारतील म्हणून थांबले. त्यांनी फोन आईकडे दिला.