सांगलीला न्यायचं दाढीचं सामान

दाढीचं सामान बांधायला किती येळ लागतो? फौजेतल्या माणसाला विडी पेटवायला लागतो तेवढा. आमच्या घरात दोन दिवस लागलं, आणि तरीबी ते नीट बांधलं गेलं न्हाई. अजून आठवलं की दात-ओठ खातो मी. पण राग काढायचा कुणावर? एक आई, एक मामा.

सुरवातीपास्नं सांगतो, न्हाईतर कळायचं न्हाई.

जर्मनीसंगं लढाई चालू हुती तवाची गोष्ट. आमी कडेगावाकडचे, घरचा ऊस, मी हायस्कुलात. गावातल्या पोरांनी नाटक बसवलं हुतं आणि त्याचा एक खेळ सांगलीत ठरला. सांगलीत! तितली माणसं नाटकं बघून बघून म्हातारी झालेली. तितं चाललं तर मग चाललंच. आणि नाटकातली सून, म्हंजे सगळ्यात मोठा पार्ट, माझा हुता. बाया कुठल्या येतायत काम करायला, म्हणून लुगडं मला. मी नुसता हवेत हुतो. म्हशीला पाणी पाजताना सुनेची वाक्यं, भाकरी खाताना सुनेची वाक्यं.

अडचण एकच. मिशी. गावात खेळ झाला तवा नुसती लव हुती, ती पावडरीखाली झाकली. आता चांगली काळी झाली हुती. नाटक बसवणारं मास्तर म्हणालं, "मिशीची सून चालायची न्हाई बाबा. सांगलीकर हसून मारतील. रंग लावायच्या आत वरचा ओठ मला आरशावानी पायजे. नसला तर लुगडं दुसऱ्याला."

दुसरा म्हंजे कोण ते सगळ्यांना ठावं हुतं. भुसार दुकानदाराचा पोरगा. त्याला फौजदाराचा पार्ट, दोन वाक्यांचा, तोबी डिंकानं मिशी चिकटवून. कारण त्याच्या ओठावर अजून काई म्हंजे काईच नव्हतं. आणि सुनेची सगळी वाक्यं मेल्यानं तालमीत बसल्या बसल्या पाठ केलेली. मला बघितलं की इचारायचा, "काय वैनी, आज पीळ बीळ मारला का न्हाई मिशीला?"

बरं, गावात काढावी तर आमच्याकडं बाप जिता असताना मिशी काढत न्हाईत. न्हाव्यानं हातच जोडलं. "धनी खडखडीत हायत. मी न्हाई गड्या हात लावायचा." मग वडलांपुढं, आबांपुढं जाऊन हुबा ऱ्हायलो. आबा मोटंवर हुतं. बैल थांबवलं न्हाईत, माझ्याकडं बघितलं न्हाई.

"नाटक कर की," म्हणालं. "पर गावात मिशी उतरायची न्हाई. उद्या लोकं दारात बसतील, कवा गेलं आबा म्हणून. मी काय तेंच्यासाठनं च्या करू? शिवंच्या भाईर काढ. आन परत फुटंस्तवर आत्याकडं सांगलीतच, विश्रामबागेत ऱ्हा."

म्हंजे मिशी सांगलीत, थेटरात, स्वतःच्या हातानं. त्यासाठी सामान न्यायचं.

नशिबानं मामा रजेवर आलता. आईचा धाकटा भाऊ, फौजेत नाईक. त्याच्याकडं खाकी कापडाची एक गुंडाळी हुती, आत कप्पे शिवलेले. एका कप्प्यात सेफ्टी, म्हंजे पातं बसवायचा दाढीचा दांडा, एकात ब्रश, एकात साबणाची कांडी, मग तुरटी, पत्र्याचा आरसा, आणि सगळ्यात आत तेलकट कागदात गुंडाळलेली पाती. लढाईमुळं बाजारात पातं मिळायची मारामार. मामानं ती जिवापाड जपलेली.

"घे म्हणतो," मामा बोलला, "पर बांधायची रीत शिक. ब्रश वल्ला कोंबायचा न्हाई. झटकायचा, वाळवायचा, मगच आत. वल्ला घातलास तर कुत्रं भिजल्यावानी वास मारतो. पातं सेफ्टीत ठिवायचं न्हाई, गंजतं. आता बांध."

बांधलं.

"सोड. परत बांध. डोळं मिटून!"

"मामा, आवं येतंय की मला."

"येतंय म्हणणारीच पयली कापून घेत्यात. बांध!"

इतक्या वेळा बांधलं की झोपेत कुणी उठवलं असतं तरी बांधलं असतं. मग ती गुंडाळी मी ट्रंकेत ठेवली, लुगड्याच्या घडीवर, आणि मोकळा झालो. असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर गुंडाळी भुईवर. ट्रंकेपुढं आई.

"आरं, ट्रंकेत काय काय हाय? हिरवा चुडा हाय, कुकवाचा करंडा हाय, मंगळसूत्र हाय. आन त्याच्या उशाला पातं ठिवतोस?"

"आई, ते मंगळसूत्र खोटं हाय. नाटकातलं."

"मण्याला खोटं-खरं कळतं व्हय? आधीच बाप जिता असताना मिशी काढाय निघालाईस. आता पात्याखाली मंगळसूत्रबी घाल. माज्या कपाळाचं काय कराय बसलाईस तू?"

मी गुंडाळी भाकरीच्या पिशवीत घातली. तिनं ती तितनंबी काढली. "केस कापायचं सामान भाकरीत?" मग वळकटीत घातली. तर मामा वराडला, "आक्का! वळकटी मोटारीच्या टपावर जाणार, तिच्यावर माणसं बसणार. माझा आरसा दुमडंल, सेफ्टी वाकडी हुईल!"

"तू फौजेत कवायत कर. माज्या घरात नगं."

"सामान एका जाग्याला पायजे आक्का. त्यालाच बांधणं म्हणत्यात."

"आन मंगळसूत्र? त्याला काय म्हणत्यात?"

दोघं माझ्या डोक्यावरनं भांडत हुती आणि मी मधी गुंडाळी घेऊन हुबा. ट्रंक, पिशवी, वळकटी, परत ट्रंक! शेवटाला आईनंच तोड काढली. तिचं भांडण ब्रशाशी नव्हतं, साबणाशी नव्हतं. धार तेवढी नगं. म्हणून गुंडाळी ट्रंकेत ऱ्हाऊ दे, आणि पात्यांचा कागद मी वळकटीत, चादरीच्या घडीत घालते, म्हणाली. झालं. मिटलं. मी उडीच मारली.

सकाळी निघताना मामा म्हणाला, "समदं तपासलंय मी. जा बिनघोर."

आणि मी बिनघोर गेलो.

पेट्रोल मिळंना म्हणून मोटार कोळशावरची. दर चढाला थांबायची, आणि डायवर खाली उतरून भट्टी ढोसायचा. दुपारी पोचायचं ते उन्हं उतरायला लागल्यावर सांगलीत उतरलो. थेटरात धावत गेलो, रंगाच्या खोलीत आरसा टेकवला, ब्रश भिजवला, साबणाचा असा फेस काढला की मामा असता तर पाठ थोपटली असती! सेफ्टी उघडली. वळकटी सोडली. चादर झटकली. दुसरी झटकली. उशीची खोळ उलटी केली.

पातं न्हाई.

ते कुठं हुतं ते मला पुढं कळलं. सकाळी तपासताना मामाला चादरीत पाती घावली. पोरगं झोपलं आणि पाठीत घुसलं म्हंजे? म्हणून त्यानं ती परत गुंडाळीत घातली. निघायच्या आधी आईनं देवाचं नाव घेऊन ट्रंकेला हळद-कुंकू वाहिलं, सहज गुंडाळी चाचपली, आणि वळकटी बांधून झालती म्हणून पाती काढून कोनाड्यात ठेवली. दोघांनीबी काळजीच केली. त्याचाच तर संताप हाय!

तोंडाला फेस लावून मी थेटरभर फिरलो. आमच्यातली निम्मी पोरं बिनदाढीची, ऱ्हायलेली गावच्या न्हाव्याकडं बसणारी. पातं कुणाकडं असणार? भुसारवाल्याचं पोरगं भिंतीला टेकून बघत हुतं. "वैनी, फेस वाळला," म्हणालं.

फेस पुसत बाजारात पळालो. दुकानात पातं न्हाई, दुसऱ्या दुकानात न्हाई. मग एक न्हावी दिसला, दुकान आवरत हुता. त्याच्या खुर्चीत बसलोच.

"मिशीबी?"

"मिशीच. लौकर."

त्यानं वस्तरा खाली घेतला. आवाजबी खाली घेतला. "कवा गेलं वडील?"

गेलं म्हटलं असतं तर पटकन झालं असतं. जिभेपाशी आलंबी हुतं. पण म्हणवलं न्हाई. "जिते हायत," म्हणालो. "नाटकासाठनं पायजे. आवं रंग लावायलेत तिकडं!"

"बोलन्यावरनं कडेगावाकडचं दिसताय."

"व्हय, व्हय. करा की लौकर!"

"मीबी तिकडचाच. मग तुमाला म्हाईत हाय. बाप जिता असताना पयला हात मी मारत न्हाई." त्यानं वस्तरा माझ्या हातात दिला. "पयला तुमी मारा. ऱ्हायलेलं मी सारखं करतो."

मी जलमात कवा वस्तरा धरला न्हवता. मामानं सगळं शिकवलं, ते सेफ्टीचं. घाई हुती, आणि पयल्याच हाताला ओठावर अशी चीर गेली की रगत हनुवटीवर आलं. न्हावी म्हणाला, "आता हरकत न्हाई," आणि ऱ्हायलेली मिशी झक्कास उतरवली.

रुमाल दाबून पळत थेटरात आलो. खोलीत शिरलो तर खुर्चीत माझं लुगडं. माझा चुडा. वळून बघितलं भुसारवाल्याच्या पोरानं, कुकू लावलेलं, आणि खरं सांगतो, लय देखणं दिसत हुतं बेणं.

मास्तरांनी माझा रुमाल बाजूला केला. "ओठ सुजायलाय. ह्याच्यावर रंग बसायचा न्हाई."

"मास्तर, रगत थांबंल. पदर घेतो तोंडावर."

"सून सगळा येळ बोलती रं. पदरातनं बोलणार?" त्यांनाबी वाईट वाटत हुतं, ते दिसत हुतं. पण घंटेची येळ झालती. "फौजदार मोकळा पडलाय. चल, बस."

आणि फौजदाराला मिशी हुती. मास्तरांनी स्पिरिटातला डिंक घेतला आणि माझ्या ताज्या चिरीवर, नुकत्याच उतरलेल्या मिशीच्या जाग्यावर लावला. काय आग झाली म्हणून सांगू! डोळ्यांतनं पाणी, आणि मास्तर म्हणतायत, "हलू नगंस, वाकडी बसंल."

पडदा वर गेला. माझी दोन वाक्यं मी टाकली आणि काठी टेकून हुबा ऱ्हायलो. पुढं सून बोलायला लागली. पयलं वाक्य, दुसरं, एक शब्द चुकला न्हाई तिचा. लोकं गप्प बसून ऐकत हुती. तेवढ्यात मला दिसलं, मास्तर विंगेतनं हात करून मला काईतरी खुणावतायत. मला कळंना. मग त्यांनी दोन बोटं आपल्याच ओठांवर दाबून दाखवली. सुनेच्या बरोबरीनं माझंबी तोंड हलत हुतं, एक एक शब्द, सगळ्या सांगलीपुढं.

मिटलं मग तोंड.