वाकळ शिवती, हे बी लिवा

बायनाबाई चौदा हंगाम ऊसतोडीला गेली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून ती अशी सरसर चढायची की मुकादमही बघत राहायचा. पंधराव्या हंगामात फळी सरकली आणि ती मोळीसकट पाठीवर आपटली. मणका मोडला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

गंगाखेड तालुक्यातल्या आपल्या गावी आल्यावर दोन वर्षं ती पत्र्याकडे बघत पडून होती. नवरा सिताराम तोडीला जायचा, सासू धुरपदाबाई तिचं सगळं करायची. अपंगत्वाचा दाखला निघाला, सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याचा पगार सुरू झाला. औषधं, लघवीच्या नळ्या, पिशव्या, सगळं त्यातूनच यायचं.

मग एके दिवशी तिनं सासूकडं जुनी लुगडी मागितली. चाकाच्या खुर्चीत बसून, समोरच्या बाजेवर पसरून ती वाकळ शिवू लागली. बसून बसून जखम होऊ नये म्हणून मधूनमधून दोन्ही हातांवर अंग उचलून धरायचं, की पुन्हा सुई. टाके इतके बारीक की पार लांबच्या पिंगळी गावच्या बायकाही लुगडी पाठवू लागल्या.

गेल्या वर्षी चौकशी निघाली. पगार घेणारे खरंच अपंग आहेत का, ते बघायला तलाठी घरोघर येणार होता. धुरपदाबाई लगबगीनं सुनेपाशी आली.

"बायना, ती वाकळ ठेव आन् बाजंवर पडून राह्य. साहेबानं काम करताना बघितलं तर पगार बंद व्हईल."

"आत्याबाई, दोन वर्सं पडूनच व्हते की. आता सोंग करून पडू व्हय?"

तलाठी आला तेव्हा तिचे टाके चालूच होते. माणूस भला होता. दाखला बघून तो हळूच म्हणाला, "मावशी, काहीच काम करू शकत नाही, असं लिहितो. तुमच्याच फायद्याचं आहे."

"तसं नका लिवू, साहेब. पाय गेलेत, ते लिवा. नळीबिगर लघवी व्हत न्हाई, ते लिवा. पगाराबिगर माझं भागत न्हाई, ते तर ठळक लिवा. पर वाकळ शिवती, हे बी लिवा."

तलाठ्यानं तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. बायनाबाईनं सही केली.

पुढचे दोन महिने पगार आला नाही. धुरपदाबाई सुनेशी धड बोलेना. बायनाबाईलाही धास्ती होती, पण केल्याचा पस्तावा नव्हता. तिसऱ्या महिन्यात साठलेला पगार एकदम जमा झाला.

त्या दिवशी धुरपदाबाई हापशावर पाण्याला गेली ती लवकर परतलीच नाही. येईल त्या बाईला थांबवून सांगत होती, "माझ्या सुनंनं साहेबाला तोंडावर सांगितलं, खोटं लिवायचं न्हाई म्हणून!" तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तलाठ्याचा तहसीलदार झाला होता.