म्हाळाच्या आदल्या दिवशीचा नारळ

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तो नारळ मी घाईनं फोडायला लावला.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कोल्हापुरात जुन्या मोटारी घ्यायचे-विकायचे. मी त्यांच्या हाताखाली. एकदा गडमुडशिंगीचे एक शिंपी आले. बायकोचे पाय अधू, एस.टी.त चढवता येईना, म्हणून शिलाई मशीन तेवढं ठेवून बाकी होतं-नव्हतं ते विकलेलं. त्यांच्या मनात जी मोटार भरली, तिचा गिअरबॉक्स झिजलेला होता. आवाज दबावा म्हणून दाजींनी आत लाकडाचा भुसा भरून घेतला होता. मला ते ठाऊक होतं.

"उद्या गाडी तपासायला आमचा मिस्त्री घेऊन येतो," शिंपी म्हणाले.

"उद्यापास्नं म्हाळ लागत्यात. पंधरा दिवस कोण नवं कायबी घेत न्हाय," मी म्हणालो आणि कोपऱ्यात कायम तयार असलेला नारळ त्यांच्या हातात दिला. खोटं काहीच नव्हतं. पितृपंधरवडा खरंच लागत होता.

नारळ फुटला. पुढं बायकोला दवाखान्यात नेताना भर चढावर गिअर पडेना. मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलला तर आत भुसा. शिंप्यांनी मोटारीला बैल जुंपले आणि भर बाजारातून ओढत आमच्या दारात आणली.

दाजी पायरीवरूनच ओरडले, "पावणं, नारळ फुटला, हार घातला, गाडी तुमची झाली. सून नांदंना म्हणून म्हायेरी आणून सोडताय व्हय?"

"सुनंच्या पोटात भुसा कुणी भरला, ते सांगा की आधी!"

बघे फिदीफिदी हसले. दाजींनी शटर ओढलं.

ग्राहक मंच तेव्हा नवानवाच निघाला होता. शिंप्यांनी तिथं तक्रार केली. दाजींचं एकच पालुपद: गाडी उघड्यावर दाखवली, यांनी नारळ फोडून घेतली, भुसा नंतर यांनीच घातला असेल. भरला कुणी, हे सांगणारं कोणी नव्हतं. साक्षीला मी उभा राहिलो.

बहीण म्हणाली, "पाठच्या भावानं माझ्या नवऱ्याला चव्हाट्यावर आणलं. भाऊबीजेला दारात येऊ नगंस."

नाही गेलो. आजही जात नाही. घरभेद्या म्हणतात, म्हणू देत. वस्तू जुनी आहे म्हणून फसवायला मोकळीक मिळत नाही. घेणाऱ्यानं विचारो न विचारो, खोट असेल तर विकणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायला हवी. पुन्हा उभं करा, पुन्हा तेच बोलेन. दाजींची माफी मी मागणार नाही.

मंचात मला विचारलं, भुसा कुणी भरला? सांगितलं. नारळाचं कुणी विचारलं नाही, आणि मी गप्प बसलो.

दाजींना मोटार परत घ्यावी लागली. तेव्हापासून शिंपी मला दरवर्षी गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, जेवायला बोलावतात आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "ह्या माणसानं दाजी बघितला न्हाय, खरं बघितलं." त्यांची बायको भिंतीला टेकून बसलेली असते. ती आग्रह करकरून माझ्या पानात वाढायला लावते. मी ताटातनं मान वर करत नाही.

भुसा ठाऊक असताना त्यांच्या मिस्त्रीला मी अडवलं, हे त्या दोघांना सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.