तपासणीच्या दिवसाची वाचक

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला वाचकांची भारी भीती. माणसं आली की पुस्तकं मळणार, पानं दुमडणार! म्हणून कपाटांना कुलपं, दाराला कुलूप आणि किल्ली अध्यक्षांच्या देवघरात. समाज घडवायचं काम बाहेरच्या 'वाचनानं समाज घडतो' ह्या पाटीवर सोडलेलं.

मी तेव्हा तलाठी भरतीचा अभ्यास करत होते. घोटावड्याच्या कारखान्यांतल्या पोरांना वडिलांनी होत्या नव्हत्या त्या खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि आम्ही सहा माणसं एका खोलीत, टीव्हीसकट. ह्या खेपेला पास झाले नाही तर लग्न, असं घरात ठरलेलं. परीक्षेला दोन महिने उरले होते. मला एक टेबल आणि जरा शांतता हवी होती, बास. किल्ली मागायला तीनदा गेले.

"न्हाई पोरी, वाचून वाचून पुस्तकं खराब हुत्यात," अध्यक्ष म्हणाले. वर चहा पाजला.

मग सरकारी तपासणी लागली. अनुदान तिच्यावर, त्यामुळं गावाला एका दिवसात वाचनाचं वेड लागलं. डेअरीवरचे दोघं, पारावरची म्हातारी मंडळी, अध्यक्षांच्या सुना, सगळ्यांना ओळीनं बसवलं. "मधलं पान उघडा, पयलं नको," अशी ताकीद. एक आजोबा पुस्तक छातीवर घेऊन घोरायला लागले. त्या नाटकात तेवढाच एक माणूस खरा. बाई वाचक दिसली नाही तर तपासणीचे साहेब काय लिहितील सांगता येत नाही, म्हणून मला पुढची खुर्ची.

"आज येवढं बस, उद्यापासून किल्ली तुजी," अध्यक्षांनी शब्द दिला.

साहेब आले, शाल-नारळ घेतला, माझ्यापाशी थांबले.

"रोज येता?"

"रोज येते, साहेब."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. त्या सगळ्या ढोंग्यांत मीच पहिल्या नंबरची, हे आजही घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन गेले. अध्यक्षांनी शेरेबुक पुढं केलं. साहेबांनी लिहिलं होतं: महिला वाचक नियमित येतात, व्यवस्था समाधानकारक.

"बघ, तू रोज येतीयास," अध्यक्ष म्हणाले. "मग किल्ली कशाला पायजे?"

मी नापास झाले. लग्नात अध्यक्षांनी आहेर म्हणून वाचनालयाचा शिक्का मारलेलं पुस्तक दिलं. कोरं करकरीत. वर म्हणाले, "आता निवांत वाच."