आमच्या ह्यांचं गप बसणं

मी अंबूबाई. बडबडी म्हणून पवनानगरच्या बाजारात माझं नाव हाय. लोकं तोंडावर म्हणत्यात, मला त्याचं काय वाटत न्हाई. पण खरं सांगू का, आमच्या घरातला आवाज म्हणजे हे, माझे मालक, भिमाजी. आमचं भाताचं खाचर धरणाच्या काठाला. भात पिकायला आलं की हे माळ्यावर चढायचे. माळा म्हणजे चार बांबूंवर बांधलेली उंच बसकण. तितनं अशी हाळी द्यायचे की पाखरं पार पल्याडच्या काठाला जाऊन बसायची. नवी नवरी व्हते तवा ती हाळी पहिल्यांदा ऐकली आणि माझ्या हातातलं पातेलं पडलं. पुढं तीच हाळी ऐकून मी चुलीवर तवा ठेवायला लागले.

दोन वर्सांमागं ह्यांच्या घशात गाठ निघाली. तंबाखू, दुसरं काय! डॉक्टर म्हटले, आवाजाची पेटी काढावी लागंल, जीव वाचंल पण बोलणं जाईल. आदल्या दिवशी हे मला म्हटले, "आवाज गेल्यावर मी कशाला पायजे?" मी म्हटलं, "गप बसा." जल्मात तेवढंच माझं ऐकलं बघा. आणि ऑपरेशनला आत नेताना, शेवटचं म्हणून काय बोलावं माणसानं? "म्हशीला पाणी दाव." चाळीस वर्सं संसार केला मी, आणि शेवटचा शब्द म्हशीला. त्याचा राग माझ्या पोटात अजून हाय.

आता ह्यांचा श्वास नाकातनं चालत न्हाई. गळ्याखाली भोक ठेवलंय, तितनं चालतो. त्याच्यावर हे पांढरं फडकं बांधत्यात. ती फडकी मीच धुते, पण दोन वर्सांत त्या भोकाकडं नीट बघायचं धाडस मला झालं न्हाई. डॉक्टरांनी बजावलंय, खोल पाण्यात जायचं न्हाई, भोकातनं पाणी शिरलं तर माणूस उभ्या उभ्या जाईल. आणि आमचं घर धरणाकाठी! माझा डोळा सारखा ह्यांच्या मागं. त्यांचं ते बोलणं, "मी कशाला पायजे", माझ्या कानातनं जातच नव्हतं.

गाव तरी काय शहाणं. ज्याचं बोलणं गेलं तो जणू बहिराच झाला, असा जो तो ह्यांच्याशी ओरडून बोलायचा. मी घरात दिवसभर दोघांचंबी बोलायची, प्रश्न माझा आणि उत्तरबी माझंच. आमच्या लेकानं, प्रदीपनं, तळेगावहून एक यंत्र आणून दिलं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की घरघरत आवाज निघतो. ह्यांनी एकदा लावलं, स्वतःच दचकले, आणि फळीवर ठेवून दिलं. मी पाया पडले, भांडले, एक दिवस जेवले न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई. ज्याला बोलायचं न्हाई त्याला जगायचं तरी कुटं असतंय, असं माझ्या मनानं घेतलं.

औंदा भात पिकलं तसे हे पुन्हा माळ्यावर जाऊन बसायला लागले. पाखरं हाकायला म्हणून मी वाजवायला डबा दिला, तो शेजारी तसाच. सकाळी धरणावर धुकं असतं. पाणी कुटं संपतं आणि आभाळ कुटं लागतं काय कळत न्हाई. त्या पांढऱ्यात आमचा माळा तेवढा तरंगल्यासारखा, आणि वर हे, मांडी घालून, डोळे अर्धे मिटलेले. चिमण्या खुशाल ह्यांच्या पायाशी येऊन बसायच्या. खाली ओंब्यांवर राघू, त्यांची टकटक तेवढी ऐकू यायची. मी बांधावर उभी राहून बोंबलायची, आणि माझा आवाज त्या धुक्यात कुटं विरून जायचा कुणास ठाऊक.

धरण बघायला येऊन शेजारच्या तंबूंत उतरलेल्या शहरातल्या लोकांनी ह्यांना मौनीबाबाच करून टाकलं. लोणावळ्याची सृष्टी म्हणून एक पोरगी चपला काढून माळ्याखाली बसायची. मला म्हटली, "आजी, बाबा कशाचं ध्यान करतात?"

"ध्यान कसलं," मी म्हटलं, "पाखरं राखत्यात. त्येबी धड न्हाई."

पोरगी हसली आणि पुन्हा डोळे मिटून बसली. मला लय राग आला. माझ्या नवऱ्याचं जगणं तुटत चाललंय आणि ही त्याच्यात शांती शोधतीया!

मंग ती सकाळ. चहा घेऊन गेले तर माळा रिकामा. धुक्यातनं काठाकडं बघितलं तर हे कमरेएवढ्या पाण्यात, पाठमोरे. चहा कुटं पडला मला म्हायती न्हाई. लुगड्यासकट पाण्यात शिरले, सदरा धरून ओढत काठावर आणलं. "तुमाला जगायचंय का न्हाई?" मी म्हटलं. "मान तरी हलवा! मी एकटी किती बोलू? दोन वर्सं मी भिऊन राह्यलेय, तुमाला दिसत न्हाई का?"

ह्यांनी मान हलवली न्हाई. मंग गळ्याचं फडकं सोडलं, माझा हात घेतला आणि त्या भोकापुढं धरला. मी हात मागं घेत व्हते, ह्यांनी सोडला न्हाई.

तळहाताला ऊन ऊन वारा लागला. गेला. पुन्हा आला. एका लयीत, घाई न्हाई, झोपलेल्या लेकराचा असतो तसा. ह्यांनी डोळे मिटले, माळ्यावर मिटत्यात तसेच. तवा मला उमगलं, एवढे दिवस हे वर बसून काय ऐकत व्हते ते. आणि पाण्यात मी ह्यांचा सदरा धरला तवा ह्यांनी एक हात गळ्यापुढं वाटीसारखा आडवा धरला व्हता, थेंब उडू नये म्हणून. मरायला निघालेला माणूस असा हात धरील व्हय? पहिल्यासारखं पाण्यात उभं राहायचं व्हतं ह्यांना, एवढंच. मी बघितलं व्हतं, पण वरडण्याच्या नादात मला दिसलंच नव्हतं.

धुकं अंगावरनं जात व्हतं. मला बोलायचं सुचलं न्हाई, आणि सुचलं न्हाई याचं वाईटबी वाटलं न्हाई. मंग मी ह्यांचा हात उचलून माझ्या नाकापुढं धरला. मी रडत व्हते, श्वास कुटं सरळ यायला. पण हे हात तसाच धरून बसले, तो सरळ होईस्तोवर.