आप्पा पुस्तक तिलाच वाचत्यात

थांबा, जेवायच्या आधी हे लिहूनच टाकते, आत्ताच सांगायला पायजे. जेवले की माझं पोट शांत होतंय आणि मग डोकं पण शांत होतंय. तर ऐका. मी एलकेजीतल्या एका पोरीवर जळते. सख्ख्या भाचीवर. आज दुपारी तर हद्दच झाली, पण ते शेवटी सांगते, न्हायतर काय कळायचं न्हाय.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली आप्पांचे, म्हणजे माझ्या वडलांचे पावरलूम, वर आमी. माग सुरू असला की खाली कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय. म्हणून मागवाल्यांच्या घरात सगळे ओठांनी बोलत्यात. आवाज काढायचाच न्हाय, तोंड नीट उघडून शब्द करायचा, जरा हात हलवायचे, समोरच्यानं बघायचं. चहा झाला, पाव्हणं आलं, लाईट बिल भरलं का, सगळं असंच. मी हे कधी शिकले ते मलाच आठवत न्हाय. समोरच्या घरातली कितीतरी भांडणं मी खिडकीतनं नुसती बघून ऐकल्यात.

आता पुस्तकांचं. मी लहान असताना घरात शाळेची पुस्तकं सोडून दुसरं पुस्तक नव्हतं. मला कुणी वाचून दाखवलं न्हाय, कुणाला वेळच नव्हता, आणि तेव्हा त्याचं काय वाटलं पण न्हाय. आता मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बेळगावात कुठं पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की पोरांच्या टेबलाकडंच पहिला जाते. आजकाल आपल्याकडची चित्रांची पुस्तकं काय भारी निघाल्यात. राजकन्या न्हाय, परी न्हाय. कुणाची आई बस कंडक्टर असत्या, कुणी एका भाड्याच्या घरातनं दुसऱ्यात जातंय, कुणी पहिल्यांदा एकटं दुकानात जातंय. वर मराठी, खाली कन्नड. वाचताना वाटतं, हे आमच्याच गल्लीतलं कुणीतरी लिहिलंय. मी घेते आणि घरात सांगते, भाचीसाठी घेतलं. रात्री आधी मीच वाचते.

भाची निपाणीला असत्या, माझा भाऊ अण्णा आणि वैनी, दोघांची नोकरी तिकडं. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडं राहायला आलती. मी लई तयारी केलती. तिच्यासाठी एक खास पुस्तक ठेवलतं. त्यात एक पोरगी जग केवढं हाय बघायला गावाबाहेरच्या टेकडीवर चढत्या. वर गेल्यावर सगळी छपरं सारखीच दिसत्यात, आणि तिला कळंना आपलं घर कुठलं. मग तिला छपरावर वाळत घातलेली आपली गोधडी दिसत्या. एवढंच. पण मला दरवेळी रडू येतं.

मी आवाज बारीक-मोठा करून, वाऱ्याचा सुद्धा आवाज काढून वाचाय लागले. दुसऱ्या पानावर ती उठली, पुस्तक काखेत मारलं आणि खाली गेली.

मी मागनं गेले. आप्पा दोन मागांच्या मधी स्टुलावर बसलेले. हिनं पुस्तक त्यांच्यासमोर उघडून धरलं. आप्पांनी हात दाखवले, तेलानं काळे झालेले. मग पानं ती उलटणार असं ठरलं. आणि आप्पांनी वाचाय सुरुवात केली. ओठांनी. आवाज न्हायच. टेकडी आली की भुवया वर, पोरगी दमली की खांदे खाली, गोधडी दिसली की तोंड असं उघडलं की मला लांबनं ‘गोधडी’ ऐकूच आली. मधी धागा तुटला. आप्पा उठले, जोडून आले, आणि परत पहिल्यापास्नं. ती काय कंटाळली न्हाय.

मी जिन्यात उभी. पुस्तक मी आणलेलं. आप्पा माझे. ओठांची भाषा माझी. आणि माझ्यासाठी स्टूल सुद्धा न्हाय.

रात्री मी तिला विचारलं, “मी वाचू काय गं?”

“नको आत्ती. तू लई आवाज करतीस.”

आई हसून हसून खोकाय लागली.

सुट्टी संपली, ती पुस्तक ठेवून निपाणीला गेली. पुस्तक हितंच पायजे म्हणाली, आज्जाकडं. थोड्या दिवसांनी वैनीचा फोन. शाळेत बाईंनी तिला गोष्ट सांगायला उभी केलती. ही उभी राहिली, हात हलवले, भुवया वर केल्या, ओठ हलवत अख्खी गोष्ट सांगितली आणि जाऊन बसली. आवाज एक न्हाय. बाई घाबरल्या. वैनीला बोलवून घेतलं, पोरीला बोलाय काय अडचण हाय काय म्हणून. वैनीनं घरी विचारलं तर ही म्हणत्या, “गोष्ट अशीच सांगत्यात. आज्जा सांगतोय न्हवं.”

सगळे हसले. आप्पांनी तर बाजूच्या मागवाल्याला खाली बोलवून सांगितलं, ओठांनीच, आणि दोघं पोट धरून हसले. मी पण हसले. पण आतनं असं झालं की बस. मी इतकी वर्षं मागवाल्याची पोरगी, आणि आप्पांचा अभिमान कुणामुळं, तर तिच्यामुळं.

तर आज दुपार. मी पुस्तक घेऊन खाली गेले आणि आप्पांसमोर उभी राहिले. ओठांनी म्हटलं, मला बी वाचा की.

आप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं. तुला?

व्हय.

तुला येतंय की वाचाय.

येतंय. तरी वाचा.

त्यांनी पायानं धाग्याचं रिकामं खोकं माझ्याकडं ढकललं. मी बसले, पुस्तक धरलं. पानं मी उलटायची. आप्पांनी एक डोळा मागावर ठेवून सुरू केलं, तसंच, भुवया वर, खांदे खाली. मला शब्द न् शब्द पाठ होता तरी मी ओठ सोडून कुठं बघितलं न्हाय.

टेकडीच्या वरच्या पानावर फोन थरथराय लागला. व्हिडिओ कॉल, निपाणी. आप्पांचा हात फोनकडं गेला. मी ओठांनी म्हटलं, आधी पान संपवा. त्यांनी हात मागं घेतला आणि संपवलं. गोधडीपर्यंत.

मग फोन उचलला. स्क्रीनवर ती. तिनं आप्पांना बघितलं, मग माझ्या मांडीवरचं पुस्तक बघितलं. तोंड एवढंसं झालं. आणि आवाज न काढता, अगदी नीट ओठ उघडून म्हणाली, “आत्तीला नको वाचू. ते माझं हाय.”

मी कॅमेऱ्यासमोर पुस्तक हलवून दाखवलं. तिनं फोनच कट केला. आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की वर येऊन आधी हे लिहाय बसले.

आता खरं सांगा, एवढ्याशा पोरानं तुमच्यावर जळावं आणि तुमी खुशीत असावं, असं तुमच्या बाबतीत झालंय काय? का मी एकटीच अशी हाय?